फुगडी: कुणाबरोबर घातलीत आणि कुणाचा हात सुटला?

श्रावण लागला की मंगळागौरीची बोलावणी येतात आणि माझं कोपर ठणकायला लागतं. 1994 साली मावसबहिणीच्या जागरणाला फुगडी ऐन रंगात असताना घामेजलेले हात सटकले आणि मी नाचवायला काढून ठेवलेल्या सुपात जाऊन बसले. सूप गेलं. मावशी अजून विषय काढते.

खेळ जुना आहे. तुकोबांच्या गाथेत फुगडीचे अभंग आहेत, म्हणजे 17व्या शतकातही ती घातली जायची. तुमचेही अनुभव लिहा. पडला असाल तर आधी लिहा.

मडगावची: आमची फुगडी चवथीची, गणपतीपुढे. शिवाय कळशी फुगडी. कळशीच्या तोंडाशी फुंकर घालून ती घुमवायची आणि घुमवत नाचायचं. आजेसासूबाईंची कळशी शंखासारखी घुमायची. माझ्या कळशीत नुसता वारा.

रत्नांग्रीकर: ही तर आमच्या नवरात्रातल्या अष्टमीची घागर!

दिंडीतला नवखा: पुरुषाची चालेल ना? वारीत विसाव्याला एका आजोबांनी हात पुढे केले. गळ्यात टाळ, धोतराचा काचा मारलेला. म्हणाले, "माउली, बोटं नको, मनगट धरा. चवडे चवड्यांना भिडवा आणि मागं रेला. भ्यायचं नाही, मी हाय." मी रेललो. दहाव्या गिरकीला मला दोन आजोबा दिसायला लागले. ते मात्र थांबून लगेच दुसरा भिडू शोधायला गेले.

धाकटी जाऊ: जोडी वजनाची बघा हो. मी 48 किलो, नणंदबाई 82. त्यांनी मला फिरवलं नाही, वाळत घातलं.

न्यू जर्सीहून: बेसमेंटमधल्या कार्पेटवर पाय वळत नाहीत, आणि लाकडी फरशीवर मोजे घालून घातली तर थेट भिंत. दोन्ही करून झालंय. अनवाणी, लाकडावर, हे आमचं संशोधन.

सातारची सून: सासूबाई 72 च्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. गेल्या वर्षी खुर्चीत बसून "मी नुसता पकवा घालते" म्हणाल्या. आम्ही फिरतोय, त्या तोंडानं ताल धरतायत. मग ताल एकदम बंद. बघतो तर खुर्ची रिकामी, आणि त्या माझ्या लेकीला सांगतायत, "मनगट धर गं, बोटं नको."