चरी सरकारनं काढल्या, साफ कुणी करायच्या? टनाला दोन रुपये कापले तर चालेल का

मळीवाला (वाळवा तालुका)
मंडळी भांडा खुशाल, पण आधी पूर्ण वाचा. परवा आमच्या शिवारातली पाण्याच्या निचऱ्याची मुख्य चर ओढ्यापर्यंत चालत बघून आलो. चालत म्हणजे अर्धी बांधावरनं, कारण चरीत उतरायला जागाच नाही, पानकणीस हे पाणगवत डोक्याएवढं उंच, त्यात वेड्या बाभळी, दोन ठिकाणी रस्त्याखाली घातलेले नळे गाळानं गच्च, आणि एका ठिकाणी तर चर बुजवून त्यावर चक्क ऊस. ही चर सरकारी पैशानं खोदली होती. त्यानंतर तिच्यात कुणी फावडं घातल्याचं मला आठवत नाही. आमच्या आजोबांच्या वेळेला ज्या रानात आडसाली म्हणजे दीड वर्षाच्या उसाची एकरी साठ टन पडायची तिथं आता वीस पडली तरी देव पावला म्हणायचं, उन्हाळ्यात रान लांबनं बघितलं तर मीठ पेरल्यासारखं पांढरं.

माझं म्हणणं सरळ आहे. ऊस बिलातनं टनाला दोन रुपये कापा, गावाचा वेगळा खातेनंबर, आणि दरवर्षी मे महिन्यात चर साफ. पाचशे एकर ऊस धरा, एकरी 40 टन, झाले 20 हजार टन, म्हणजे 40 हजार रुपये. टनाला तीन हजाराच्या वर बिल घेतो आपण, त्यात दोन रुपये जड आहेत का? बोला.

वरचा माळ
दादा, दोन रुपये जड नाहीत, कपात हा शब्द जड आहे. 2025 च्या हंगामाला सरकारनं टनाला 15 रुपये लावले, दहा मुख्यमंत्री निधीला आणि पाच पूरग्रस्तांना, त्यावर केवढा गदारोळ झाला, मग सांगितलं की शेतकऱ्याच्या बिलातनं नाही, कारखान्यानं भरायचे. शेवटी कारखान्याचा पैसा येतो कुठनं ते तुम्हीच सांगा. एकदा बिलात नवीन रकाना पडला की तो पुसत नाही. आज दोन, पुढच्या निवडणुकीनंतर पाच. आणि माझं रान उंचावर, मुरमाड, माझ्याकडं पाणी साचत नाही. मी तुमची चर का साफ करू?

चोपण वीस गुंठे
कारण तुमचंच पाणी आमच्यात येतं भाऊ. तुम्ही वर पाट फोडून रात्रभर सोडता आणि सकाळी उठून मोटर बंद करता, ते पाणी जमिनीत मुरतं आणि उताराला आमच्या काळ्या रानात येऊन बसतं. माझे वीस गुंठे गेले, हिरवळीच्या खताला ताग टाकला, धैंचा टाकला, खारट रानाचा उपाय म्हणून जिप्सम टाकलं, सगळं करून झालं, पाणी बाहेर जाईना तोवर जिप्सम म्हणजे भरल्या घागरीत साखर. आता तिथं काहीच येत नाही म्हणून माझा टनेज शून्य, मळीवाले, तुमच्या हिशोबानं सगळ्यात जास्त नुकसान झालेली मी एक रुपया देणार नाही आणि फायदा मात्र मला. मला हे पटत नाही, मी द्यायला तयार आहे, पण हिशोब टनावर नको, एकरावर घ्या.

वरचा माळ
ताई, तुमचं दुःख खोटं नाही म्हणत. पण मी गेल्या चार वर्षांपासून ठिबकवर आहे. रात्री पाट सोडणारे दुसरे. मग मी ठिबकचाही खर्च केला आणि चरीचाही करायचा? पाणी जपून वापरणाऱ्याला शिक्षा आणि उधळणाऱ्याला पण तेवढीच, हा कुठला न्याय.

पाईपवाला भाऊ
निचऱ्याच्या कामावर काही वर्षं होतो म्हणून एक मुद्दा टाकतो जो सगळे विसरतात. जमिनीखालचे सच्छिद्र पाईप म्हणजे काय, तर मीटर-सव्वा मीटर खोल घातलेले छिद्रांचे पाईप, वर जाळी-कापड गुंडाळलेलं, ते पाणी मोठ्या पाईपला देतात आणि मोठा पाईप उघड्या चरीत तोंड काढतो. आता चर गाळानं भरून पाईपच्या तोंडाच्या वर आली की पाणी पाईपात जागच्या जागी थांबतं. लाखांचं काम जमिनीत आहे आणि रान परत पांढरं. मग लोक म्हणतात पाईप फेल गेला. पाईप फेल जात नाही हो, त्याचं तोंड बुजतं. सरकारी योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा 20 टक्के असायचा, तो भरताना लोक रडले, पण नंतरच्या साफसफाईचा हिस्सा किती, हे ना कुणी सांगितलं ना कुणी विचारलं.
शिरोळला दत्त साखर कारखान्यानं अध्यक्ष गणपतराव पाटलांच्या पुढाकारानं हे काम केलं, शेतकऱ्यांनी कर्ज काढून स्वतःच्या पैशानं पाईप घातले. ज्याचे स्वतःचे पैसे जमिनीत आहेत तो चरीकडं रोज बघतो. फुकट आलेल्याकडं कोण बघतंय.

गावकी बस्स
सगळं बरोबर, पण शेतकऱ्याच्याच खिशात हात का घालायचा लगा? ग्रामपंचायतीला 15 व्या वित्त आयोगाचे पैसे आले ते कुठं गेले? 40 टक्के अबंधित असायचे, म्हणजे कशावर खर्चायचे ते गावानं ठरवायचं. चर त्यात बसत नाही का? आणि रोजगार हमी काय फक्त फोटोला आहे?

मळीवाला (वाळवा तालुका)
बसते की, कागदावर सगळं बसतं. अबंधितमधनं आमच्याकडं दिवे झाले, पेव्हर ब्लॉक झाले, स्मशानभूमीची कमान झाली. कमानीखालनं मतदार जातो म्हणून असेल. चरीच्या कडेला कोण फिरतंय? आणि हातानं पानकणीस उपटायला माणूस मिळतो का, मे महिन्यात, गाळात गुडघाभर उतरून? पोकलेनच लागतो.

तासगावचा द्राक्षवाला
40 हजारात पोकलेन दोन-तीन दिवस चालतो, डिझेल धरून. त्यात काय होतंय?

पाईपवाला भाऊ
दरवर्षी दोन-तीन दिवस चालला तर पुष्कळ झालं. वीस वर्षांचा गाळ काढायचा असेल तर नाही पुरणार, ते पहिल्यांदा वेगळं करावं लागेल, त्याला मात्र सरकारकडं जावंच लागेल, जिल्हा नियोजनमधनं म्हणा किंवा कुठनं. पण एकदा काढल्यावर दरवर्षीचं राखणं स्वस्त असतं. घरच्या कौलांसारखं आहे, दरवर्षी चार बदलली तर छप्पर टिकतं.

आयर्विनकर
मी शहरातला, मला एक कळत नाही. 2019 ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोका पातळी 45. एवढं पाणी आल्यावर तुमची चर काय करणार? सगळे पैसे एका पुरात गाळात जातील.

चोपण वीस गुंठे
पूर आल्यावर चर काहीच करत नाही, उलट नदी चढली की ओढ्यातनं पाणी मागं सरून शिवारात येतं. चर लागते ती पूर ओसरल्यावर. पाणी चार दिवसांत निघून गेलं तर ऊस वाचतो, पंधरा दिवस मुळाशी उभं राहिलं तर कुजतो, आणि जाताना जमिनीत ओल ठेवतं ती उन्हाळ्यात मीठ घेऊन वर चढते. शहरात पण हेच असणार की, गटार पुरासाठी नसतं, पुरानंतरसाठी असतं.

लिफ्टचा सेक्रेटरी
आता माझं ऐका, मी आमच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचं काम बघतो. कारखाना नको, ग्रामपंचायत नको. कारखान्याचं म्हणाल तर एका गावचा ऊस तीन-चार कारखान्यांना जातो, कुणाकडनं कापणार आणि कुणाच्या खात्यात टाकणार? आमच्याकडं प्रत्येक सभासदाचं भिजणारं क्षेत्र गटनंबरसकट लिहिलेलं आहे, एकरी पाणीपट्टी आम्ही घेतोच. पाणी आणायला आपण वीजबिल भरतो, मोटर भरतो, पाईपलाईन भरतो, पाणी घालवायला काय भरतो? शून्य. तर पाणीपट्टीतच निचऱ्याचा हिस्सा धरा. जो जास्त पाणी उचलतो त्याला जास्त, ठिबकवाल्याला निम्मा. माळावरच्या भाऊंचा पण प्रश्न सुटला.

वरचा माळ
ठिबकवाल्याला निम्मा म्हणताय तर ऐकायला बरं वाटतंय. पण ज्यांची नदीवर स्वतःची खाजगी मोटर आहे ते तुमचे सभासदच नाहीत, आणि सगळ्यात जास्त पाणी तेच उपसतात. त्यांच्याकडनं कोण वसूल करणार, तुम्ही?

लिफ्टचा सेक्रेटरी
तिथं घोडं अडतं खरं. त्यांना गावसभेत विचारायचं. नावं वाचून दाखवली की बरेच जण देतात, अनुभव आहे.

गावकी बस्स
आणि संस्थेचं ऑडिट? सेक्रेटरी साहेब राग मानू नका, पण आमच्या भागातल्या एका संस्थेचा दुरुस्ती फंड कुठं गेला ते अजून कुणाला माहीत नाही. पैसे द्यायला ना नाही, पण पावती आणि मीटरचा फोटो, पोकलेन किती तास चालला तो, ग्रुपवर पडला पाहिजे. नाहीतर आमचं नाही.

लिफ्टचा सेक्रेटरी
मान्य. फोटो टाकू.

वरचा माळ
ठीक आहे, एकरी हिशोबाला मी एक वर्ष बघतो. पण मळीवाले, सुरुवात पैशापासनं नको. तुम्ही वर लिहिलंय चर बुजवून ऊस लावलाय. तो कुणाचा? पोकलेन तिथं आला की थांबणारच ना. आधी मोजणी करून ती जागा मोकळी करा, मग पाणीपट्टी वाढवा. तो ऊस कुणाचा ते लिहा की, ओढ्याच्या अलीकडं डाव्या हाताचा ना?

मळीवाला (वाळवा तालुका)
...हो. चुलत्याचा आहे.

वरचा माळ
म्हटलंच.

चोपण वीस गुंठे
आता काय करणार मग?

मळीवाला (वाळवा तालुका)
लागण गेल्या जुलैतली आहे, तोड डिसेंबरात येईल. तोवर थांबलं तर हा पावसाळा असाच जाणार. चरीवरच्या दोनच सऱ्या आहेत, तेवढ्या आत्ता मोडायला सांगतो, सऱ्यांचे पैसे लागले तर मी देतो. आज रात्री जेवून त्यांच्याकडं जातोय. चहा मिळतोय का शिव्या, सकाळी इथंच लिहितो.