मदत हवी आहे: विश्वस्त बैठकीला येत नाहीत, राजीनामाही देत नाहीत

पंचगंगेकाठच्या भागात, कोल्हापुरात, आमची छोटी संस्था आहे. पूरकाळात मदत आणि एरवी मुलांची अभ्यासिका. नोंदणी १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशा दोन्ही कायद्यांखाली, हिशेब तपासणी वेळेवर.

कार्यकारिणी ७ जणांची (तेच विश्वस्त), गणपूर्ती म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी ५. तिघे दीड वर्ष फिरकलेले नाहीत. सलग ३ सभांना गैरहजर राहिल्यास पद रिक्त, असं संस्थेच्या घटनेत आहे. पण ते जाहीर करायला कार्यकारिणीचा ठराव हवा, आणि ठरावाला गणपूर्ती! गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा नंतर गणपूर्तीशिवाय घ्यायची तरतूद फक्त सर्वसाधारण सभेसाठी आहे.

रजिस्टर पोस्टाने नोटिसा दिल्या, पोचपावत्या जपल्या आहेत. घरी जाऊन चहाही पिऊन आलो. "बघू, देतो" यापलीकडे काही नाही. तिघेही वयाने मोठे, संस्था त्यांनीच उभी केली, त्यामुळे भांडण नको आहे. त्यातले एक खजिनदार, म्हणजे बँकेतली सहीही अडकलीय. प्रत्यक्ष काम करणाऱ्या पोरांपैकी दोघांना कार्यकारिणीत घ्यायचंय. दोघंही रीतसर सभासद आहेत.

१९५० च्या कायद्यातल्या कलम २२ चा बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयात नोंद, ९० दिवसांत करायचा, एवढं ठाऊक आहे. वकील लावायचाच तर लावू, पण आधी दिशा कळू दे.

अशा वेळी थेट सर्वसाधारण सभा बोलावून पदं रिक्त ठरवली तर तो ठराव धर्मादाय कार्यालयात टिकतो का? आणि राजीनामापत्र नसताना बदल अर्जाला नेमकी कोणती कागदपत्रं जोडली होती, हे कुणी स्वतः केलंय का?