हेलसिंकी ते रोव्हानिएमी: रात्रीची गाडी की विमान?

म्हापसेकर: नमस्कार. येत्या फेब्रुवारीत आठ दिवसांसाठी सपत्नीक फिनलंडला जाण्याचा बेत आहे. थंडीशी आमची ओळख महाबळेश्वरापुरतीच. हेलसिंकी पाहून उत्तरेला रोव्हानिएमीला जावे आणि नशिबात असल्यास ध्रुवीय प्रकाश पाहावा, असे ठरवले आहे. विमानाचे तिकीट कधीकधी रेल्वेएवढ्याच भावात दिसते. मग रात्रीच्या गाडीत खरोखर बचत आहे का, आणि युरोपभर रेल्वेने फिरण्याचा युरेल पास घ्यावा का, हे जाणकारांनी सांगावे.

फोंड्याचा वाटसरू: आपला रेल्वेप्रवास जाऊन-येऊन दोनच टप्प्यांचा असेल, तर पासच्या वाटेला जाऊ नये, कारण पास असला तरी झोपण्याच्या केबिनचे पैसे वेगळे द्यावे लागतात. व्हीआर या तिथल्या रेल्वे कंपनीचे तिकीट जितके आधी काढाल तितके स्वस्त मिळते. विमानाशी तुलना करताना एका रात्रीचे हॉटेलभाडेही हिशेबात धरावे. प्रवास सुमारे 12 तासांचा असून केबिन दोघांची असते. वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये स्वतंत्र शौचालय आणि शॉवर असतो, तर खालच्या मजल्यावर शौचालय सामायिक असते.

जाताना चार पैसे वाचवायला आम्ही खुर्चीचे तिकीट काढले आणि मडगाव–मुंबई बसून जाण्याची सवय असूनही पहाटेपर्यंत माना अवघडल्या. परतताना मुकाट्याने केबिन घेतली. त्या रात्री उपाहार डब्याकडे जाताना पाहिले, तर दोन डब्यांच्या जोडाशी पिठासारखा बर्फ साचला होता, आणि दार लोटून आत गेल्यावर मात्र स्वेटर काढावा लागला. आणखी एक गोष्ट: उत्तरेकडच्या या गाड्या विमानतळाजवळच्या टिक्कुरिला स्थानकावरही थांबतात, त्यामुळे उतरल्यादिवशीच निघायचे असेल तर सामान घेऊन हेलसिंकी शहरात जाण्याची गरज नाही.

मडगाववाली: केबिनबाबत सहमत. बाकी खर्च फिरण्यात वाचतो. हेलसिंकीत सुओमेनलिना हा बेटांवरचा किल्ला जागतिक वारसा आहे आणि तिथे जाणारी सरकारी फेरीबोट शहर वाहतुकीच्या तिकिटातच येते, म्हणजे पणजी–बेतीची फेरीच समजा, फक्त भोवती मांडवीऐवजी गोठलेला समुद्र. 2018 साली उघडलेले ओडी ग्रंथालय विनामूल्य असून पाय गारठल्यावर तासभर बसायला त्याहून चांगली जागा नाही. जेवणासाठी कामाच्या दिवशी दुपारी ‘लौनास’ (दुपारचे जेवण) अशी पाटी शोधावी. ठरावीक दरात पोटभर मिळते. सामन माशाचे दुधाळ सूप मात्र हुमणावर, म्हणजे आपल्या माशाच्या कालवणावर, वाढलेल्या जिभेला सपक लागेल.

रोव्हानिएमीत 8 क्रमांकाची बस थेट सांताक्लॉज व्हिलेजला जाते. ध्रुववृत्ताची रेषा तिथेच आखलेली आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. ध्रुवीय प्रकाशासाठी महागडी सहल पहिल्याच रात्री घेऊ नये. आकाश निरभ्र असेल तर आर्क्टिकुम संग्रहालयामागच्या नदीकाठी चालत जावे. ढग असतील तर सहल घेऊनही हमी नाही.

वास्कोकर: काटकसर जरूर करावी, पण कपड्यांत नको. सुती गंजी घामाने ओली झाली की अंग गारठते, म्हणून आतला थर लोकरीचा असावा आणि बूट दोन मोजे मावतील इतके सैल घ्यावेत. उणे 20 अंशांत फोनची बॅटरी बघता बघता उतरते. तो आतल्या खिशात ठेवावा. फिनलंडसह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा लागतो. स्वस्त तिकिटे रद्द केल्यास पैसे परत मिळतीलच असे नाही, तेव्हा अर्ज लवकर करून व्हिसा हाती आल्यावरच ती काढावीत.

म्हापसेकर: सर्वांचे मनापासून आभार. केबिन वरच्या मजल्यावरचीच घेतो. खुर्चीचा विषय घरी काढणारसुद्धा नाही. व्हिसाची कागदपत्रे चतुर्थीपूर्वी जमवायला घेतली आहेत.