शर्टात अर्धा तास जातो, भाकरी एका हातानं तुटत नाही

करवीरची_आई:
मुलगी साडेसहा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी), उजवी बाजू ताठ. शाळेची रिक्षा साडेनऊला दारात. शर्ट घालताना उजवी मूठ बाहीत अडकते, ओढली की आणखी आवळते. शेवटी मीच घालते. जेवताना डाव्या हातानं भाकरी तुटत नाही, ताट सरकतं. सुरुवात कुठून करू?

ओटी_ताई:
सकाळी शिकवूच नका. घाई झाली की तिचं अंग जास्तच ताठणार. संध्याकाळी कपडे बदलताना बसा, आणि आधी काढायला शिकवा, ते सोपं. घालताना उजवा हात पहिला, काढताना उजवा शेवटी.

पलंगावर पाय लोंबकळत ठेवून बसवू नका. तळवे पूर्ण टेकतील असं बुटकं स्टूल घ्या, नाहीतर पायाखाली पाट. शर्ट मांडीवर पसरून उजवी बाही दोन गुडघ्यांच्या मधे खाली सोडा. ती पुढे वाकली की हात आपल्याच वजनानं बाहीत उतरतो. मग डाव्या हातानं बाही कोपर ओलांडून खांद्यापर्यंत चढवायची. बहुतेकांचं इथंच फसतं: बाही कोपराखाली राहिली तर शर्ट पाठीमागून फिरवताना निसटतो.

मूठ आवळली तर बोटं ओढू नका. मनगट हळूच तळव्याकडं वाकवा, बोटं सैल पडतात. अंगठा टोकाला न धरता मुळापासून बाहेर काढा.

पहिले काही दिवस सगळं तुम्ही करा, फक्त शेवटचं टोक खाली ओढणं तिला ठेवा. ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या तिच्या. पूर्ण झाल्याचा आनंद रोज तिलाच मिळतो.

शिलाई_मशीन:
शिंप्याला सांगून काजं शिवून बंद करा, बटणं वरून तशीच लावा, आत वेल्क्रो. गणवेश दिसायला तोच.

ओटी_ताई:
सगळी नको हो! खालची दोन खरी ठेवा, जरा मोठी. खालचं बटण डोळ्यांसमोर असतं, गळ्याचं दिसत नाही. म्हणून लावायला खालून सुरुवात.

जेवणाची_बाई:
ताटाखाली ओलं फडकं घाला, सरकत नाही. ताट उभ्या काठाचं घ्या, घास काठाला टेकवून उचलता येतो. भाकरी गरम असतानाच तुम्ही चिरून ठेवा, पण तुकडे पूर्ण सुटे करू नका. शेवटचा तोड तिचा. उजवा हात मांडीत पडून राहू देऊ नका, ताटावर ठेवा. धरता नाही आलं तरी दाबून ठेवण्याचं काम त्याचं.

करवीरची_आई:
भाकरी रश्शात कुस्करून दिली तर? पांढऱ्या रश्शाबरोबर दिली की कधीकधी ठसका लागतो.

जेवणाची_बाई:
पातळ रस्सा आणि त्यात अर्धवट भिजलेले तुकडे, हे गिळायला सगळ्यात अवघड. रस्सा घशात आधी धावतो, तुकडा तोंडात चावायचा राहतो. फरसाण घातलेल्या मिसळीचंही तेच. भाकरी पूर्ण भिजवून एकजीव, घट्ट करा, सुटा रस्सा ठेवू नका. मान मागं टाकून भरवू नका. चमचा समोरून, ओठांच्या पातळीवर. जेवताना आवाज ओलसर, घरघरता येत असेल किंवा ठसका वारंवार लागत असेल तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना सांगा आणि स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घ्या.