मदत हवी आहे: कंत्राटी कामगारांची युनियन आणि ५१ टक्क्यांची अट

चाकण एमआयडीसीत आम्ही कंत्राटी कामगार आहोत. लाईनवर कायम कामगारांच्या शेजारी तेच काम करतो. पण गेटपासवर नाव ठेकेदाराचं, आणि ठेकेदार बदलला की मस्टरही (हजेरीपट) नवं. कायम कामगारांच्या युनियनकडे गेलो, त्यांच्या घटनेत आम्हाला सभासदत्व नाही. सिप्ला प्रकरणातल्या सुप्रीम कोर्टाच्या २००१ च्या निकालामुळे, मालक-कामगार नातंच वादात असेल तर अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली थेट तक्रार टिकत नाही, असं वकील म्हणाले. पगारस्लिपा, पीएफच्या नोंदी जपल्या आहेत. हिशेब घेऊन बाहेर पडायचं नाही, संघटनाच करायची आहे.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० प्रमाणे एकाहून जास्त युनियन असतील तर मालकाशी वाटाघाटी करणारी एकमेव युनियन ठरायला मस्टरवरच्या किमान ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. हे मस्टर कंपनीचं धरायचं की ठेकेदाराचं?