तारा फुटत नाही, थर सोडतो
प्लॅनेटरी नेब्युला, म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्याभोवतीचा चमकणारा वायूचा ढग, हा तारा फुटल्यावर उरलेला धूर असं काहींना वाटतं, पण तसं नाहीये, फुटणं हे सुपरनोव्हाचं, म्हणजे ताऱ्याच्या महास्फोटाचं काम. सूर्याच्या साधारण आठपटीपर्यंत वस्तुमानाचे तारे फुटत बिटत नाहीत, म्हातारपणी फुगतात आणि बाहेरचे थर सेकंदाला १०-२० किमीच्या संथ वाऱ्याने, म्हणजे वायूच्या झोताने, सोडत राहतात. खरी मजा पुढे आहे. आतला गाभा उघडा पडून ३० हजार केल्विनच्या वर तापला की त्याच्या अल्ट्राव्हायोलेट किरणांनी आधी सोडलेला गॅस चमकायला लागतो, शिवाय आता गाभ्याचा वारा सेकंदाला हजारभर किमीने सुटलेला असतो, तो मागून येऊन जुन्या गॅसला असा रेटतो की कडेला दाट कवच तयार होतं, म्हणून तर रिंग नेब्युला कडं ठेवल्यासारखा दिसतो. अशा नेब्युलात दिसणारा हिरवट रंग दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा बरं का. हगिन्स या खगोलशास्त्रज्ञाला १८६४ मध्ये नेब्युलाच्या वर्णपटात या रंगाची रेषा दिसली, पुढे लोकांनी नवीन मूलद्रव्य समजून 'नेब्युलियम' असं बारसंही उरकलं, आणि कोडं सुटलं ते थेट १९२७ ला, बोवेन या भौतिकशास्त्रज्ञामुळे! नावात 'प्लॅनेटरी' असलं तरी ग्रहांशी संबंध शून्य, खगोलशास्त्रज्ञ हर्शेलला दुर्बिणीतून ग्रहासारखी चकती दिसली एवढंच. आणि असा नेब्युला टिकतो किती, तर जेमतेम १०-२० हजार वर्षं.