सूड घ्यायचा, पण कोणाचा? (केनियावरील एकांकिकेसाठी मदत हवी)

भीमाकाठ, सोलापूर:
आमच्या हौशी नाट्यसंघासाठी मी केनियातील माऊ माऊ लढ्यानंतरच्या, म्हणजे १९५० च्या दशकात इंग्रजांविरुद्ध झालेल्या सशस्त्र बंडानंतरच्या, काळावर एकांकिका लिहीत आहे. डिसेंबर १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर नायक गावी परततो आणि ज्याच्या खबरीमुळे भाऊ फासावर गेला, त्याचा शोध घेऊ लागतो. दर १२ जानेवारीला चार हुतात्मा पुतळ्यांपाशी उभा राहिलो, की १९३१ साली धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना ज्या खटल्यामुळे येरवड्यात फाशी झाली, त्यात साक्ष देणाऱ्यांचे पुढे काय झाले असेल, असा प्रश्न मला पडतो. लेखनाचे बीज तेथेच आहे. तालमीत मात्र नायक ठोकळेबाज वाटतो.

विंगेतला:
खबऱ्याला चेहराच देऊ नका. एप्रिल १९५४ मध्ये नैरोबीत हजारो किकुयूंची (बंडात मुख्यतः याच जमातीचे लोक होते) धरपकड झाली, तेव्हा डोळ्यांपुरती भोके पाडलेली पोती घातलेले खबरे केवळ मान हलवून माणसांना स्थानबद्धांच्या छावणीत धाडत असत. नायकाला ती मान हलवण्याची लकब तेवढी आठवत असेल, तर बाजारातला प्रत्येक माणूस संशयित ठरेल.

बांधावरून:
मला जमीन अधिक महत्त्वाची वाटते. १९५४ च्या स्विनर्टन योजनेनुसार, म्हणजे इंग्रज सरकारच्या शेतजमीन सुधारणेनुसार, विखुरलेले तुकडे एकत्र करून मालकीची नोंद झाली, तेव्हा बंडखोर जंगलात किंवा छावण्यांत होते आणि अनेक ठिकाणी इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलेल्यांचे फावले. सातबाऱ्यावरून नाव उतरणे म्हणजे काय, हे आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय स्वतंत्र केनियाचे पहिले अध्यक्ष केन्याटा मागचे विसरा असे सांगत होते आणि माऊ माऊवरील बंदी तर २००३ पर्यंत उठली नाही. म्हणजे स्वतःच्याच राज्यात हा माणूस बेकायदेशीर संघटनेचा ठरतो.

पूर्वभाग:
दोन्ही सूचना योग्य आहेत, परंतु मार्च १९५३ मधील लारी या गावचे हत्याकांड टाळू नका. तेथे माऊ माऊंनी होमगार्ड (इंग्रजांच्या बाजूने लढणारे स्थानिक) आणि एकनिष्ठांच्या झोपड्या पेटवल्या. मेलेल्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती, आणि नंतर सरकारी बाजूनेही तितक्याच निर्दयपणे माणसे मारली. खबऱ्याचे कोणी त्या रात्री जळाले असेल, तर त्याचीही खबर सूडच ठरते.

भीमाकाठ, सोलापूर:
सर्वांचा मनापासून आभारी आहे. पोते आणि जमीन दोन्ही घेतो. माझा नायक आता त्याच्या जुन्या शेतावर राबणाऱ्या माणसाच्या मानेकडे पाहत राहील. लारीची हकीकत त्या माणसाच्या बायकोच्या तोंडी घालतो आहे, आणि तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत नायकाला एकही वाक्य देणार नाही.